कोपराजवळचं हाड मोडलंय, ऑपरेशन टाळता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा वर्षांची मुलगी घसरगुंडीवरून हातावर पडली. एक्स-रेमध्ये कोपराच्या जरा वर, दंडाच्या हाडाला फ्रॅक्चर दिसलं. एका डॉक्टरांनी 'सुप्राकाँडिलर, टाइप टू' असं लिहून तारा घालाव्या लागतील म्हणून सांगितलं. दुसरे म्हणाले, भूल देऊन हाड बसवू आणि प्लास्टर करू. आजींचं मत आहे की लहान मुलाचं हाड आपोआप सरळ होतं, गावच्या हाडवैद्याकडून बांधून घ्या. आईवडिलांना कळेना कोणाचं ऐकायचं. शिवाय त्यांनी असंही विचारलंय, की याच आजी दोन वर्षांपूर्वी घरात पडल्या तेव्हा त्यांच्या कोपराला तडा गेला होता, आणि डॉक्टरांनी प्लास्टर न करता आठवड्याच्या आत हात हलवायला लावला होता. मग मुलीला तीन-चार आठवडे हात बांधून का ठेवायचा?

कोपराजवळची बरीचशी फ्रॅक्चर ऑपरेशनशिवाय चांगली बरी होतात. पण ऑपरेशन टाळलं म्हणजे काम हलकं झालं, असं इथे समजू नका. मांडीच्या किंवा मनगटाच्या हाडापेक्षा कोपर फार कमी चुका पोटात घालतं. प्लास्टर केल्यावर पहिले दोन दिवस बोटांवर नजर, आठवड्याच्या आत पुन्हा एक्स-रे, आणि ठरल्या वेळी प्लास्टर काढून हात मोकळा करणं, हे सगळं पाळणार असाल तरच प्लास्टरचा मार्ग धरा. यातलं काही जमणार नसेल, म्हणजे गाव लांब आहे, पुन्हा यायची सोय नाही, तर ते डॉक्टरांना आधीच सांगा. निर्णय त्यावरही बदलतो.

आधी आजींचं म्हणणं बघू, कारण ते पूर्ण चूक नाही. मुलांची हाडं वाढताना बराच वाकडेपणा भरून काढतात हे खरंच आहे. पण ही किमया हाडाच्या वाढीच्या टोकापाशी होते, आणि दंडाच्या हाडाची सुमारे ८० टक्के लांबी खांद्याकडच्या टोकातून वाढते. कोपराकडच्या टोकाच्या वाट्याला जेमतेम २० टक्के. त्यामुळे खांद्याजवळ मोडलेलं हाड बरंच वाकडं राहिलं तरी वर्षा-दोन वर्षांत ओळखू येत नाही, आणि तेवढाच वाकडेपणा कोपराजवळ राहिला तर तो बहुतेक तसाच राहतो. पुढे-मागे झुकलेलं हाड लहान वयात थोडंफार सुधारतं. पण आतल्या बाजूला कललेलं किंवा पिळलेलं हाड सुधारत नाही. मग हात सरळ केला की कोपरातून तो अंगाकडे वळलेला दिसतो. त्याने काम फारसं अडत नाही, पण मूल मोठं झाल्यावर आरशात ते दिसतं आणि सरळ करायचं तर हाड कापावं लागतं.

हे हाड नेमकं इथेच का मोडतं, तेही समजून घ्या. कोपराच्या वर दंडाचं हाड पसरट होतं, आणि पुढून-मागून दोन खळगे असल्यामुळे मधला भाग पुठ्ठ्याइतका पातळ राहतो. मूल पडताना हात पुढे टेकवतं, कोपर मागे ताणलं जातं आणि मागच्या हाडाचा शेंडा त्या खळग्यात पाचरीसारखा घुसतो. पाच ते सात वर्षं हे त्याचं मुख्य वय. मे महिन्याची सुट्टी, आंब्याची झाडं, गच्चीचे कठडे, सोसायटीतली घसरगुंडी, या दिवसांत अशी मुलं रोज येतात.

'टाइप टू' ही विभागणी गार्टलंड या सर्जननी १९५९ साली मांडली आणि आजही तीच चालते. टाइप वनमध्ये हाडाला तडा असतो पण ते जागेवर असतं. कधीकधी एक्स-रेमध्ये तडाही दिसत नाही, फक्त कोपराच्या मागे चरबीची काळी सावली वर उचललेली दिसते, म्हणजे सांध्यात रक्त साचलंय. टाइप टूमध्ये हाड पुढून उघडतं आणि मागे झुकतं, पण मागची साल शाबूत असते. टाइप थ्रीमध्ये दोन तुकडे पूर्ण सुटे होतात.

टाइप वनला प्लास्टरच. यात दुमत नाही. कोणी तारा सुचवल्या तर दुसरं मत जरूर घ्या. टाइप थ्रीला तारा. यातही आता फारसं दुमत नाही. सी-आर्म, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच पडद्यावर एक्स-रे दाखवणारं यंत्र, सगळीकडे पोहोचण्याआधी अशा मुलांना दोन-तीन आठवडे वॉर्डात हाताला वजन लावून ठेवायचे, डनलॉप यांच्या नावाचं ते ट्रॅक्शन. सोय नसेल तिथे तो मार्ग अजूनही कामाचा आहे, पण सोय असताना मुलाला तेवढे दिवस खाटेला खिळवण्याचं कारण नाही.

खरा वाद टाइप टूचा, आणि तुमची मुलगी नेमकी तिथेच आहे. दोन डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या म्हणून एकजण फसवतोय असं मनात आणू नका. अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑर्थोपेडिक सर्जन्सने २०११ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांचा कल टाइप टूलाही तारा घालण्याकडेच आहे. तरीही यातली निवडक मुलं प्लास्टरवर उत्तम बरी होताना मी पाहिली आहेत. निवड कशी करायची, ते सांगतो.

बाजूने काढलेला एक्स-रे घ्या. दंडाच्या हाडाच्या पुढच्या कडेने खाली रेघ ओढली, तर ती कॅपिटेलम नावाच्या गोल भागाच्या मधल्या तिसऱ्या हिश्शातून जायला हवी. रेघ त्या गोलाला निदान स्पर्श करत असेल, हाड पिळलेलं नसेल, समोरच्या एक्स-रेमध्ये आतली बाजू चेपलेली नसेल आणि सूज बेताची असेल, तर प्लास्टर करून बघायला हरकत नाही. रेघ गोलाच्या पुढून निसटत असेल तर हाड बसवावं लागेल. आतली बाजू चेपलेली असेल किंवा हाड पिळलेलं असेल, तर मी प्लास्टरच्या भरवशावर राहत नाही. त्यातूनच पुढे हात वाकडा होतो. तुमच्या डॉक्टरांना हेच विचारा: रेघ कुठून जाते, आतली बाजू कशी आहे, हाड पिळलंय का? सरळ उत्तर मिळेल.

मग हाड बसवल्यावर नुसत्या प्लास्टरने ते का टिकू नये? मागे झुकलेलं हाड जागेवर बसवलं की ते तिथे राहण्यासाठी कोपर बरंच दुमडून ठेवावं लागतं, ९० अंशांच्या पुढे, कधी १२० पर्यंत (हात सरळ म्हणजे शून्य अंश). आणि सुजलेलं कोपर इतकं दुमडलं की समोरून जाणारी रक्तवाहिनी दाबली जाते. म्हणजे हाड टिकवायचं तर रक्तपुरवठा धोक्यात, रक्तपुरवठा जपायचा तर हाड घसरण्याची भीती. तारा या पेचातून सोडवतात, कारण त्या हाड धरतात आणि कोपर सैल कोनात ठेवता येतं. म्हणून बसवलेलं हाड ९० अंशांच्या आसपास स्थिर राहतंय असं सी-आर्मवर दिसलं तरच प्लास्टर करावं. नाही राहिलं, तर त्याच भुलीत तारा घालाव्यात. तशी संमती आधीच देऊन ठेवा. मुलीला दुसऱ्यांदा भूल देण्यापेक्षा ते बरं.

'ऑपरेशन' या शब्दानेच घरात धसका बसतो, म्हणून आणखी एक गोष्ट. या तारा घालताना बहुधा चिरफाड नसते. कातडीतून दोन बारीक तारा हाडात जातात, टोकं बाहेर वळवलेली असतात आणि तीन-चार आठवड्यांनी त्या ओपीडीतच ओढून काढतात. तारेच्या तोंडाशी जंतुसंसर्ग होऊ शकतो, आतल्या बाजूने तार घालताना करंगळीकडच्या नसेला इजा होऊ शकते, हे धोके आहेत. पण प्लास्टरलाही धोके आहेत, ते फक्त तेवढे दिसत नाहीत.

आता प्लास्टर केलं असं धरू. ताज्या इजेला पहिल्या दिवशी गोल पक्कं प्लास्टर नको, कच्चंच हवं. म्हणजे मागच्या बाजूने काखेच्या खालपासून बोटांच्या पेरांपर्यंत प्लास्टरची पट्टी, खाली कापसाचा जाड थर, वरून सैलसर बँडेज. कोपराच्या पुढच्या घडीत प्लास्टर येऊ द्यायचं नाही, सूज वाढली तर तिला फुगायला जागा तीच. कोपर ८० ते ९० अंशांत, त्याहून दुमडलेलं नाही. पाचही बोटं मोकळी, मूठ वळेल इतकी. बांगड्या, कडं, मनगटातला काळा दोरा, सगळं आधीच काढून घ्या. दोरा निघत नाही म्हणून तसाच ठेवलेली मुलं येतात, आणि सुजेने तो कातडीत रुतलेला असतो.

पहिले ४८ तास हा सगळ्यात महत्त्वाचा काळ. हातातल्या स्नायूंभोवती आवरण असतं, ते ताणत नाही. आत सूज वाढली की दाब वाढतो, स्नायूंना रक्त मिळेनासं होतं आणि काही तासांत ते मरायला लागतात. मग बोटं कायमची आखडतात. जर्मन सर्जन रिशार्ड फॉन फोल्कमान यांनी १८८१ साली याचं वर्णन केलं, आजही हे दुखणं त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. ते बरं करता येत नाही, फक्त टाळता येतं. म्हणून घरी हे बघा.

मुलीला बोटं हलवायला सांगा. अंगठा उभा करून दाखव, अंगठा आणि तर्जनीचं टोक जुळवून गोल कर, बोटं पंख्यासारखी पसर. तीन नसांची ही तीन कामं आहेत. हॉस्पिटलमधून निघण्यापूर्वी ती तिन्ही करते का ते डॉक्टरांसमोर बघून घ्या, म्हणजे नंतर फरक पडला तर कळेल. मग तिचं मधलं बोट हलक्या हाताने सरळ करा. सरळ करताना हाताच्या पुढच्या भागात, मनगट आणि कोपराच्या मध्ये, जोरात कळ आली तर ती धोक्याची खूण. मूल हळूहळू शांत होण्याऐवजी जास्त अस्वस्थ होतंय, औषधाचा डोस लवकर लवकर मागतंय, रडणं थांबत नाहीये, हीसुद्धा तीच खूण. 'मोडलंय म्हणजे दुखणारच' असं म्हणून रात्र काढू नका. बसवलेलं आणि आधार दिलेलं हाड तासागणिक कमी दुखायला हवं. बोटं गार पडणं, पांढरी किंवा निळी होणं, बधिर होणं या नंतरच्या खुणा आहेत, त्यांची वाट बघायची नसते. आणि मनगटाला नाडी लागते म्हणजे सगळं ठीक, असंही नाही.

अशी शंका आली तर आधी बँडेज कापा. घरच्या कात्रीने, वरपासून खालपर्यंत, आतल्या कापसासकट, कातडी दिसेपर्यंत. हात सरळ केल्यासारखा थोडा सैल सोडा आणि निघा. हाड हललं तर पुन्हा बसवता येतं. मेलेला स्नायू परत येत नाही. रात्री दोन वाजता असा फोन आला तर कुठलाही जबाबदार हाडांचा डॉक्टर चिडणार नाही.

बाकीचं सोपं आहे. झोपताना हात उशीवर हृदयाच्या वर ठेवा, दिवसा गळ्यातल्या पट्टीत. बोटं दर तासाला हलवू द्या. प्लास्टरमध्ये खाजवायला पट्टी, पेन, विणायची सुई घालू नका.

पाच ते सात दिवसांनी पुन्हा एक्स-रे. सूज उतरली की कच्चं प्लास्टर सैल होतं आणि हाड घसरायचं असेल तर याच दिवसांत घसरतं. त्याच आठवड्यात कळलं तर पुन्हा बसवणं सोपं. तीन आठवड्यांनी कळलं तर हाड जुळत आलेलं असतं, आणि तेव्हा छेडछाड करणं जास्त घातक. 'मुलगी छान खेळतेय, कशाला उगाच एक्स-रे' म्हणून ही भेट चुकवणारे पालक खूप असतात. ती चुकवू नका.

इथे एका वेगळ्या फ्रॅक्चरबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. रिपोर्टवर 'लॅटरल काँडाइल' असं लिहिलं असेल तर वरचं सगळं तसंच्या तसं लागू करू नका. कोपराच्या बाहेरच्या बाजूचा हा तुकडा एक्स-रेमध्ये एवढासा दिसतो, कारण त्याचा मोठा भाग कूर्चेचा, म्हणजे मऊ, लवचीक हाडाचा, असतो आणि कूर्चा एक्स-रेमध्ये येत नाही. तुकड्याला मनगट उचलणारे स्नायू सतत ओढत असतात, आणि फट सांध्यातल्या द्रवात भिजत राहते, म्हणून ती लवकर सांधत नाही. फट २ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर प्लास्टर चालतं, पण पहिल्या दोन आठवड्यांत एक्स-रे पुन्हा पुन्हा हवेत, तेही जरा तिरक्या कोनातून, आणि प्लास्टर चार ते सहा आठवडे. ऊसतोडीला गेलेल्या एका कुटुंबातला मुलगा मला आठवतो. पहिल्या एक्स-रेमध्ये केसाएवढी फट होती, म्हणून बाहेरगावी कच्चं प्लास्टर करून दिलेलं. हंगाम संपल्यावर ते माझ्याकडे आले तेव्हा तुकडा पार फिरून बाजूला झाला होता. असा न सांधलेला तुकडा वर्षानुवर्षं कोपर बाहेरच्या बाजूला वळवत नेतो आणि तरुणपणी करंगळी बधिर होऊ लागते, पंजा दुबळा पडतो. कोपराच्या फ्रॅक्चरमध्ये सर्वांत साधं वाटणारं आणि सर्वांत जास्त फसवणारं हेच.

उलट आतल्या बाजूचा लहान उंचवटा, मेडियल एपिकाँडाइल, सुटला तर एक्स-रे बघून घाबरायला होतं, पण तो बरेचदा प्लास्टरवर निभावतो. स्वीडनमधल्या डॉक्टरांनी अशा ५६ रुग्णांचा सरासरी ३५ वर्षं पाठपुरावा करून १९८६ साली प्रसिद्ध केला. तुकडा जागेवर न बसवताही, आणि पुष्कळांचा तो हाडाने न जुळताही, हात चांगले चालत होते. मात्र तुकडा सांध्यात अडकला असेल तर ऑपरेशनला पर्याय नाही.

हाडवैद्यांबद्दल. त्यांच्यातल्या काहींचा हात खरोखर जाणता असतो आणि गावाला त्यांचा आधार असतो, हे मी मान्य करतो. पण कोपर त्यांच्या हाती देऊ नका. कामट्या लावून आवळून बांधलेल्या पट्टीला सुजेसाठी जागा नसते. झाडपाल्याच्या लेपाने कातडीवर फोड आले की नंतर तारा घालायची वेळ आली तरी घालता येत नाहीत. आणि तेल लावून चोळणं तर कोपराला सगळ्यात वाईट. कोपरासमोरचा स्नायू हाडाला चिकटूनच असतो. चोळल्याने त्यात पुन्हा पुन्हा रक्तस्राव होतो आणि त्या जागी हाड तयार होऊ लागतं. मोडलेलं हाड नीट जुळलंय, पण चोळल्यामुळे कोपर ६० अंशांत गच्च बसलंय, असे हात मी पाहिलेत.

प्लास्टर तीन, फार तर चार आठवड्यांनी निघेल. त्या दिवशी कोपर आखडलेलं असेल आणि तुम्हाला वाटेल काहीतरी बिघडलं. मुलांमध्ये हा ताठरपणा खेळता खेळता जातो. बहुतेकांना फिजिओथेरपीचीही गरज पडत नाही. जेवण त्या हाताने, केस विंचरणं, आंघोळीच्या कोमट पाण्यात कोपर हलवणं, पुरे. हात सरळ व्हावा म्हणून बादली किंवा विटेची पिशवी धरायला लावणं आपल्याकडे सर्रास चालतं, ते अजिबात करू नका. दुसऱ्या कोणी धरून ताणायचंही नाही. दोनेक महिन्यांत बहुतांश हालचाल येते, शेवटचे काही अंश यायला वर्षही लागतं. सायकल, झाड, घसरगुंडी यांना प्लास्टर निघाल्यावरही निदान सहा आठवडे सुट्टी. कॅल्शियमच्या गोळ्यांनी हाड लवकर जुळत नाही. घरचं जेवण, दूध, अंडी चालत असतील तर अंडी, एवढं बस.

राहिला आजींचा प्रश्न. मुलांचं कोपर बांधून ठेवल्याने कायमचं आखडत नाही, मोठ्यांचं आखडतं, आणि लवकर आखडतं. आजींना बहुधा रेडियसच्या डोक्याला, म्हणजे मनगट ते कोपर यातल्या अंगठ्याकडच्या हाडाच्या कोपराजवळच्या टोकाला, तडा असणार. मोठ्यांमध्ये हे अगदी नेहमीचं. तुकडा सरकलेला नसेल आणि तळवा वर-खाली वळवताना कुठे अडत नसेल, तर दोन-चार दिवस गळ्यात पट्टी आणि मग दुखेल तेवढं सोसून हालचाल, हाच उपचार. त्यांच्या डॉक्टरांनी बरोबर केलं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये मॉरे आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली मोजून दाखवलं, की रोजची कामं कोपर दुमडण्याच्या ३० ते १३० अंशांच्या टप्प्यात होतात. मोठ्या माणसांत धडपड असते ती हा टप्पा राखण्याची.

कोपराच्या मागचं टोक मोडून सरकलं असेल तरी खूप वयस्कर, कमी कष्टाच्या माणसांत ऑपरेशन करावंच असं नाही. एडिनबर्गच्या डॉक्टरांच्या गटाने ७५ वर्षांपुढच्या रुग्णांत ऑपरेशन करणं आणि न करणं, या दोन्ही उपचारांची तुलना सुरू केली होती. ऑपरेशन झालेल्यांत गुंतागुंत इतकी दिसली की ती चाचणी मध्येच थांबवावी लागली. २०१७ साली ते प्रसिद्ध झालं. हात डोक्यावर जोराने ढकलण्याची ताकद थोडी कमी राहते, पण जेवण, पूजा, साडी नेसणं होतं.

आजी मात्र उभ्या उभ्या पडून हाड मोडून घेतलेल्या आहेत. त्या वयात तेवढ्याने हाड मोडणं म्हणजे हाडं ठिसूळ झाल्याची शक्यता, आणि पुढचं पडणं खुब्यावर येऊ शकतं. मुलीच्या पुढच्या एक्स-रेला जाल तेव्हा त्यांनाही सोबत न्या आणि हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी आणि ड जीवनसत्त्व यांबद्दल त्याच डॉक्टरांना विचारा.